अर्धी गोळी

त्या दिवशी सकाळी माझी बायको माहेरी ओट्यावर बसून माठ निवडत होती. जुडी हातातून पडली. तिच्या वहिनींनी हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं की झटका काही सांगून येत नाही. मी मान डोलावत राहिलो. घरात माणसं बसलेली असताना वाद घालणं मला कधी जमलं नाही. पण तिचा झटका सांगून आला होता. रोज सकाळी स्टीलच्या पेल्यातून तो थोडा थोडा येत होता, आणि तो पेला तिच्या हातात देणारी माणसं तिच्यावर जीव टाकणारी होती. हे कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून मी लिहितो आहे.

लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली, आणि लग्नानंतर काही वर्षांनी ती बदलून धातूची बसवावी लागली. शांत खोलीत तिच्या शेजारी बसलं की मनगटी घड्याळासारखा बारीक आवाज यायचा. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती सुटली तर मेंदूत जाऊन अडकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर, आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. त्या तपासणीला आयएनआर म्हणतात. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा होता. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. या दोन भीतींच्या मधल्या पट्ट्यात आम्ही संसार केला, आणि चांगला केला.

ऑपरेशननंतर विरारमध्ये ज्या डॉक्टरांकडे आम्ही पहिल्यांदा दाखवायला गेलो, त्यांनी कागदावरून मान न उचलता सांगितलं, "पालेभाज्या बंद."

तिला हसू आलं. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे खायच्या नाहीत. पालक, माठ, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, काही नाही. पुढचा पेशंट पाठवा."

माझी बायको वसईच्या वाडीवाल्या घरातली. केळी, पानवेल, भाजीपाला यांवर त्या घराच्या पिढ्या जगल्या. आता वाडीच्या दोन बाजूंना इमारती आल्या आहेत आणि बावखलाच्या, वाडीतल्या त्या जुन्या तळ्याच्या, पाण्यात त्यांच्या गॅलऱ्या दिसतात. पण उरलेल्या तुकड्यात तिचे मोठे भाऊ अजून पानवेल राखून आहेत. तिच्यामुळे मीही त्यांना दादा म्हणतो; ते तिला बाय म्हणत. डॉक्टरांचं बोलणं तिने माहेरी जाऊन सांगितलं तेव्हा दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हिरवी भाजी खाऊ नको म्हणतो? मग काय खायचं बायने, त्याच्या फायली?"

त्या दिवसापासून त्या घरात 'फायलीवाला' हा शब्द डॉक्टरसाठी रूढ झाला. फायलीवाला हे म्हणाला, फायलीवाला ते म्हणाला. मीही तेव्हा हसलो होतो. आता त्या डॉक्टरांचा मला संताप येतो. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं, ते अर्धवट होतं, आणि पूर्ण सांगायला त्यांना आणखी दोन वाक्यांहून जास्त वेळ लागला नसता. रक्त गोठायला शरीराला के जीवनसत्त्व लागतं. तिची गोळी त्याच जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणायची. हिरव्या पाल्यात ते भरपूर असतं. म्हणजे आज पाला खूप खाल्ला आणि उद्या अजिबात नाही, तर गोळीचा हिशेब चुकतो. पाला बंद करायची गरज नसते. तो रोज सारखा असावा लागतो, आणि गोळीचं प्रमाण त्याला धरून ठरतं. हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात, जिथे मी नोकरी करत होतो, पुस्तकं काढून वाचलं आणि मग दुसऱ्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली.

तिला ते सांगताक्षणी पटलं. पानवेलीला रोज बेताचंच पाणी लागतं. एक दिवस जास्त झालं तर मूळ कुजतं, एक दिवस चुकलं तर पान करपतं. हे लहानपणापासून पाहिलेल्या बाईला 'रोज सारखं' समजवावं लागत नाही. तिने स्वयंपाकघरातली एक वाटी ठरवली. रोज त्या वाटीभर पालेभाजी, कमी नाही, जास्त नाही. पुढची कितीतरी वर्षं तिचा आकडा जागचा हलला नाही. तपासणी करणारी मुलगी म्हणायची, "काकी, तुमचा रिपोर्ट मी न बघताच लिहू का?" फायलीवाल्याने हे एवढंच सांगितलं असतं तर वाडीतल्या प्रत्येक माणसाला ते कळलं असतं. त्याने 'बंद' म्हटलं आणि त्या घराचा डॉक्टर या जातीवरचा विश्वासच उडाला.

त्या लोकांमध्ये आजारी माणसाकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही. फळवाल्याकडून सफरचंदं नेणं त्यांच्यात परकेपणाचं समजतात. आपल्या वाडीतलं न्यायचं, सकाळी स्वतःच्या हाताने खुडलेलं. आणि ते घेणाऱ्याने त्याच दिवशी शिजवायचं असतं, कारण दुसऱ्या दिवशी हमखास विचारणा होते, "कशी लागली?" न शिजवणं म्हणजे आणणाऱ्याचा हात झिडकारणं. आम्ही विरारमध्ये बोळिंजला राहायला आलो तेव्हा तिला भेटायला येणारी माणसं पिशव्या भरभरून पाला आणायची. ती घ्यायची, शिजवायची, आपली वाटी बाजूला काढायची आणि बाकीची भाजी मजल्यावर वाटून टाकायची. आमचे शेजारी वर्षानुवर्षं तिच्या माहेरच्या माठावर पोसले. दुसऱ्या दिवशी फोन आला की ती खरं तेच सांगायची, "छान लागली गो, सगळ्यांनी चाटून पुसून खाल्ली."

ही व्यवस्था मोडली ती एका व्याख्यानाने.

तिच्या समाजाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा व्याख्यान असतं. रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक तिथे बोलतात. सगळे त्यांना सर म्हणतात. ते मानधन घेत नाहीत, काही विकत नाहीत, आवाज चढवत नाहीत. विषय होता, रक्ताच्या गुठळ्या आणि वनस्पती. ती म्हणाली, "चला, आपलाच विषय आहे." आम्ही गेलो.

सरांनी पडद्यावर लसूण दाखवला, आलं, हळद, कांदा दाखवला. यांतल्या कोणत्या द्रव्यांमुळे रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना कमी चिकटतात, ते सांगितलं. शेवटी विड्याचं पान पडद्यावर आलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. या पानातली काही द्रव्यंही प्रयोगशाळेत असाच गुण दाखवतात, असं सर म्हणाले. यातलं काहीही खोटं नव्हतं. मी नंतर सगळं तपासून पाहिलं. सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी सांगायचे की संशोधन सुरू आहे, माणसांवर पुरेसे प्रयोग झालेले नाहीत, शक्यता आहे. ते सगळं खालच्या आवाजात. आणि मग वरच्या आवाजात, "म्हणजे आपले वाडवडील जे पान खात होते ते काही वेडे नव्हते!" पुन्हा टाळ्या.

मी सभेत हात वर करणारा माणूस नाही. त्या दिवशी केला. "ज्यांना आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी काय करायचं?"

"आपापल्या डॉक्टरांना विचारावं," सर म्हणाले.

मागच्या रांगेतून दादा ओरडले, "डॉक्टर सांगतो भाजी खाऊ नका!" सगळा हॉल हसला. सरही हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. माझ्या प्रश्नाचं तिथे एवढंच झालं.

बाहेर टेबलावर रस ठेवला होता. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, विड्याची पानं, लसूण, वर लिंबू. पाला दादांच्या वाडीतला. पानवेलीला आधार म्हणून लावलेल्या शेवग्यांचा. ते स्वतः पेले भरत होते. पान आणि लसूण सरांच्या व्याख्यानातून आले होते. शेवगा आणि कोथिंबीर कुठून आली, असं मी विचारलं. "हिरवं आहे, चांगलंच असणार," असं उत्तर मिळालं. त्या पेल्यात एक गोष्ट रक्त गोठू न देणारी असेल-नसेल अशी होती, आणि दुसरी तिच्या गोळीचं काम हमखास बिघडवणारी. हे मी दादांना तिथेच सांगितलं.

"भावोजी, तुमचं सगळं पुस्तकातलं," ते म्हणाले. माझ्याशी ते नेहमी शुद्ध मराठीत बोलत. घरच्या बोलीत तिच्याशी, आणि मी आलो की भाषा बदलायची, जशी पाहुणा आला की लुंगी बदलतात. "हे सरांनी सांगितलंय. सर काय कमी शिकलेत?"

त्या दिवशी तिने पेला घेतला नाही. "माझी वाटी घरी आहे," म्हणाली.

मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती लग्नाच्या तयारीला माहेरी राहायला गेली. आत्या म्हणून तिचा मान, आणि कामंही तिच्यावाचून अडणारी. मी शनिवार-रविवारी जायचो. ते लग्नघर होतं. वाटी बोळिंजच्या स्वयंपाकघरात राहिली. रोज सकाळी दादा वाडीतून पाला खुडून आणायचे, मिक्सरला लावायचे आणि घरातल्या सगळ्यांच्या आधी पहिला पेला तिला द्यायचे. स्वतःच्या हाताने खुडून आणलेलं. नाही कसं म्हणणार होती?

तिने मला फोनवर सांगितलं. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"थोडासाच घेते हो. दोन घोट."

"दोन घोट नको. तिथे भाजीही असेल, रसही असेल. आकडा खाली जाईल."

"उलट दादा म्हणतो, वर जाईल. पान आणि लसूण आहे ना त्यात."

"दादांना सांग, आधी तपासणी करू. मी येतो, आपण जाऊ."

"लग्न होऊ दे. हळद आहे, केळवणं आहेत, मी कुठे लॅबमध्ये जाऊन बसू? चार दिवसांनी काही होत नाही." मग हसून, "तुम्ही पण ना, फायलीवाले होत चाललात."

मी रविवारी गेलो तेव्हा दादांशी पुन्हा बोललो. ते म्हणाले, बायची काळजी मला तुमच्याइतकीच आहे. यात खोटं काही नव्हतं. सोमवारी मी परत आलो. लग्न पार पडलं. तपासणी सत्यनारायणानंतर करायची ठरली. त्याआधीच तिच्या हातातून ती माठाची जुडी पडली.

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेल्यावर एक तरुण डॉक्टर बाहेर आले. तिचा आयएनआर एक पॉइंट दोन होता. गोळी न घेणाऱ्या माणसाच्या जवळपास.

"गोळी बंद केली होती का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "रोज घेते. एक दिवस चुकलेली नाही."

माझ्या मागून दादांचा आवाज आला, "अर्धी."

मी वळून पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"रस पण रक्त पातळ करतो, गोळी पण करते," ते म्हणाले. "दोन्ही मिळून जास्त झालं असतं. तिच्या हिरडीतून रक्त येत होतं मागे एकदा. म्हणून मी म्हटलं, गोळी अर्धी कर. मी स्वतः सुरीने अर्धी करून द्यायचो."

डॉक्टर म्हणाले, "शिकलेली माणसं दिसता तुम्ही. कमाल करता." आणि आत गेले.

त्या वाक्याचाही मला अजून राग आहे. शिकलेल्या माणसानेच केलेली चूक होती ती. अडाणी माणसाने तिला रस पाजला असता आणि गोळी तशीच घेऊ दिली असती, आणि कदाचित ती वाचली असती. दादांनी व्याख्यान लक्ष देऊन ऐकलं होतं, त्यावर विचार केला होता, दोन अधिक दोन केले होते, आणि बहिणीला जपण्यासाठी रोज सुरी काळजीपूर्वक चालवली होती. फक्त ज्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं ती त्यांना कोणी सांगितली नव्हती. एका डॉक्टराने नाही, कारण त्याला घाई होती. सरांनी नाही, कारण टाळ्या थांबल्या असत्या. मी सांगितली होती, पण मी जावई आणि पुस्तकातला.

ती गेल्यावर समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली हात जोडलेली चित्रं. त्यांच्या खाली लगेच पुढच्या व्याख्यानाची जाहिरात, विड्याच्या पानाच्या चित्रासकट. ज्याने ती टाकली त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. पण मी फोन पालथा करून ठेवला.

बाराव्याला सर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेवढंच आयुष्य होतं त्यांचं." मी खांदा काढून घेतला.

झाडांवर माझा राग नाही. हे सांगायला हवं, कारण तिच्या माहेरचे लोक माझ्याबद्दल तसं बोलतात. मी नंतर याबद्दल खूप वाचलं. एकट्या माणसाला वाचायला वेळ असतो. तिची गोळीसुद्धा झाडापासूनच निघाली. परदेशात गाईगुरं कुजलेला, बुरशी धरलेला एक चारा खाऊन रक्त वाहून मरू लागली. त्या चाऱ्यात असं काय आहे ते शोधताना रक्त गोठू न देणारं द्रव्य सापडलं, आणि त्याच्या धर्तीवर पुढे गोळ्या तयार झाल्या. ॲस्पिरिनचं मूळ एका झाडाच्या सालीत आहे. उद्या विड्याच्या पानातून, लसणातून असं औषध निघालं तर मला आनंदच होईल, आणि त्यातलं पान वसईचं असलं तर ती असती तर नाचली असती. पण त्या चाऱ्यापासून गोळीपर्यंत यायला माणसांनी वर्षानुवर्षं मोजमाप केलं. किती दिलं तर काय होतं, कशाबरोबर दिलं तर काय होतं, कुणाला देऊ नये. मिक्सरमध्ये घातलेला मूठभर पाला या सगळ्याच्या अलीकडचा आहे. काचेच्या नळीत प्लेटलेट्स चिकटल्या नाहीत म्हणून धातूच्या झडपेवर गुठळी धरणार नाही, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि लसूण जास्त झाला तर गोळी घेणाऱ्या माणसाला रक्तस्रावही होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी मरण आहे.

म्हणून मी सरांच्या घरी गेलो. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. त्यांनी ते पुढच्या व्याख्यानात, वरच्या आवाजात म्हणावं, की रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी हा रस घेऊ नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी करू नये. तिचं नाव नको, दादांचं नको, मला माफी नको. ज्यांच्या घरी अशी गोळी आहे ते लोक त्या हॉलमध्ये बसलेले असतात, हे मला दिसत होतं. त्या वयाची माणसंच तिथे येतात.

सरांनी चहा मागवला. "तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण मी गोळी कमी करा असं कधी म्हटलं?"

"नाही म्हणालात."

"मग?"

"करू नका असंही नाही म्हणालात."

"मी म्हटलं होतं, डॉक्टरांना विचारा."

"म्हणालात. लोक हसले, आणि तुम्हीही हसलात."

त्यांच्या पत्नी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"असं बघा," ते म्हणाले, "मी जर व्यासपीठावरून असं काही बोललो तर लोक घाबरतील. लसूण खाणंसुद्धा सोडून देतील. इतक्या वर्षांनी आपल्या वस्तूबद्दल अभिमान वाटायला लागलाय, तो जाईल. एका दुर्दैवी घटनेवरून..."

"ती माझी बायको होती," मी म्हणालो. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. सरांच्या पत्नींनी ट्रे खाली ठेवला.

"बसा ना," त्या म्हणाल्या. मी बसलो नाही. चहा तसाच राहिला.

तिथून मी वाडीत गेलो. ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. दादा पानवेली बांधत होते, केळीच्या सोपाची, खोडाच्या सालीची, ओली दोरी दातात धरून. मला पाहून त्यांनी ती काढली.

"सर बोलणार नाहीत," मी म्हणालो. "तुम्ही बोला. तुमचं लोक ऐकतील."

"काय बोलू?"

मी वाक्य सांगितलं. ते दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"म्हणजे मी गावासमोर उभं राहून सांगायचं, की मी सुरीने तिची गोळी कापली."

"ते नका सांगू. एवढंच सांगा, की कापू नये."

"त्यांना कळणार नाही? सगळ्यांना ठाऊक आहे रस कोण देत होतं." आणि मग ते पहिल्यांदाच माझ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलले, एकेरीवर येऊन. "मना सांग. मी मारलं का माझ्या बायला?"

कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, नाही हो दादा, असं मनात आणू नका. ते त्याचीच वाट पाहत होते. मला तसं म्हणता आलं नाही. तिच्या गोळीचे तुकडे मला दिसत होते. मी म्हणालो, "तुमच्या हातून गेली ती. पण तुम्हाला नीट न सांगणारे तुमच्याहून जास्त गुन्हेगार आहेत."

त्यांनी वाक्याचा पहिला भाग ऐकला. दुसरा ऐकला की नाही, मला माहीत नाही. ते वेलीकडे वळले आणि गाठ मारू लागले. वहिनी पडवीतून पाहत होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही.

पुढच्या व्याख्यानाला मी आत गेलो नाही, हॉलच्या पायऱ्यांपाशी उभा राहिलो. आतून माइकवरचा सरांचा आवाज येत होता. या वेळी विषय मधुमेह होता. संशोधन सुरू आहे, खालच्या आवाजात. वाडवडील वेडे नव्हते, वरच्या आवाजात. माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकू आलं नाही.

कार्यक्रम संपला आणि लोक रसाच्या टेबलाकडे आले. दादा टेबलामागे उभे होते. पेले भरलेले होते, पण त्यांनी त्यांवर ताट झाकून ठेवलं होतं. पहिल्या बाई वयस्कर होत्या, दादांच्याच आळीतल्या.

"दे रे," त्यांनी हात पुढे केला.

"काकी, रक्ताची गोळी घेता का?"

"कसली?"

"रक्त पातळ करायची."

"हृदयाची घेते एक. पांढरी. का?"

"ती कसली ते डॉक्टरला विचारून या. तोवर पेला नाही."

"अगोबाई! मोठा आला डॉक्टर!" काकींनी मागच्या माणसांकडे पाहिलं. "मागच्या महिन्यात स्वतः आग्रह करून पाजलास की रे."

"पाजला."

"मग आज काय झालं?"

दादांनी पेल्यांवरचं ताट सरळ केलं. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बहीण गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही त्याचं." सर आतून बाहेर आले, टेबलापाशी थांबले आणि मऊ आवाजात म्हणाले, "अरे, देऊन टाक ना. एका पेल्याने काय होतंय?"

"पाला माझा आहे, सर," दादा म्हणाले.

काकी तणतणत पायऱ्या उतरल्या. माझ्या बाजूने जाताना म्हणाल्या, "तुम्हीच भरवलंत ना हे त्याच्या डोक्यात?" दादांनी मला पाहिलं होतं. त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, "काका, रक्ताची गोळी चालू आहे का?"

ती नाही. बोळिंजच्या घरात मी एकटा राहतो. हॉलमध्ये व्याख्यानं चालू आहेत आणि सरांनी ते वाक्य अजून म्हटलेलं नाही. रसही मिळतो. दादा दर वेळी टेबलाशी उभे राहून प्रत्येकाला विचारतात. काही लोक चिडून निघून जातात, काही घरी जाऊन आपली गोळी कसली आहे ते पाहून येतात. दादा आणि मी एकमेकांशी बोलत नाही.